आतोबांच्या गोष्टीत कुणी माफी मागत नाही

लहान मुलांना घाबरवण्याचा हक्क आपल्याला वकिलीच्या सनदेबरोबरच मिळाला आहे असं मानणारा माणूस अख्ख्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. त्यांच्याविषयी लिही म्हटल्यावर लोकांना वाटतं आता ही कौतुक करणार. करणार नाही. मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलेलं आहे, ते त्यांच्याच गल्लीत घरोघर वाटलेलं आहे, एक प्रत त्यांच्या हातात दिलेली आहे, आणि त्यातली एकही ओळ मी आज मागे घेत नाही. त्यांच्या एका गोष्टीपायी कंग्राळीतल्या एका घरात दुसरीतली मुलगी जेवायची थांबली, तिला आजोळी धाडून द्यायचं जवळजवळ ठरलं, आणि ती गेली असती तर पुन्हा त्या घरात आली नसती. म्हातारा माणूस पोरांना गोष्टी सांगतो एवढं ऐकून ज्यांना गहिवरून येतं, त्यांनी हे आधी समजून घ्यावं.

आतोबा दिवाणी वकील होते. सगळी हयात वाटणीच्या दाव्यांत गेली. एका आईच्या पोटचे भाऊ बांधाच्या हातभर मातीसाठी कोर्टात एकमेकांना कसे ओळख दाखवत नाहीत हे त्यांनी इतकं पाहिलं की माणसाच्या चांगुलपणाबद्दल त्यांचं मत कायमचं राखीव झालं. वकिली सुटली, पण काळा कोट सुटला नाही. शहापुरातल्या भर उन्हात तो कोट घालून ते भाजी आणायला जातात आणि भाजीवालीला असा प्रश्न विचारतात की ती बिचारी दोडका कालचा असल्याचं कबूल करून टाकते. आत्याच्या मते हे सगळं त्यांच्या आवाजामुळे होतं. "ह्यांनी नुसतं 'पाणी दे' म्हटलं तरी वाटतंय, मी काय लपवलंय कोण जाणे," असं ती सांगते आणि पाणी देते.

या आवाजाचा सगळा उपयोग ते आता गोष्टींसाठी करतात. जुन्या गोष्टी. राक्षस माणूस खातो, चेटकीण पोरांची हाडं मोजते, लांडगा शेळीच्या दारात उभा राहून तिच्या आवाजात बोलतो, आणि शेवटी कुणीतरी मरतंच. त्यांचा सिद्धांत असा की गोष्ट म्हणजे साक्ष आहे. ज्यांनी ती पहिल्यांदा सांगितली त्यांनी काहीतरी पाहिलं होतं. आपण ते पाहिलेलं नाही, म्हणून आपल्याला त्यात फेरफार करायचा अधिकार नाही. "मला सांगितली तशी मी सांगतो. एक शब्द इकडचा तिकडं केला तर साक्ष फिरवली असं होतंय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. दुसरा नियम हुंकाराचा. ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचं. हा आपल्याकडचा जुनाच रिवाज, पण आतोबा तो कायद्यासारखा पाळतात. 'हूं' आलं नाही तर गोष्ट तिथंच थांबते, मग राजपुत्र विहिरीत अर्ध्यावर लटकत असो. ऐकणाऱ्याची संमती नसताना पुढं गेलो तर ती जबरदस्ती, असं त्यांचं म्हणणं. मुलांना भीतीनं कापायला लावणारा माणूस संमतीची भाषा करतो, याची मला तेव्हाही चीड होती आणि आताही आहे.

एकदा आम्ही त्यांच्या मुलाला बेंगळूरच्या विमानात बसवायला सांबऱ्याच्या विमानतळावर गेलो होतो. बाहेर बाकावर एक छोटा मुलगा फोनवर काहीतरी बघत बसला होता. पडद्यावरचा जाडजूड राक्षस मुलांना केक वाटत होता आणि नाचत होता. आतोबा वाकून बघायला लागले. मी त्यांची बाही ओढली, पण उशीर झाला.

"काय रं बाळ, हा राक्षस काय खातोय?"

"केक," मुलगा म्हणाला.

"बरं. आणि केक संपल्यावर?"

मुलानं पडद्याकडे पाहिलं. मग पडद्यातल्या मुलांकडे पाहिलं. मग त्याचा ओठ खाली वळला आणि त्यानं जो सूर लावला तो आत तपासणीच्या रांगेपर्यंत गेला. त्याचे वडील धावत आले, अंकल प्लीज, अंकल प्लीज म्हणत त्याला उचलून घेऊन गेले. आतोबा शांतपणे माझ्याकडे वळले. "मी फक्त प्रश्न विचारला. उत्तर त्याला सुचलं."

आता आमची बाजू. आमचा काही तरुण मुलामुलींचा गट आहे. कंग्राळीच्या वाचनालयात आम्ही रविवारी दुपारी मुलांसाठी मराठी गोष्टींचा तास सुरू केला, कारण इथली मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, गल्लीत कन्नड नि हिंदी बोलतात, आणि मराठी त्यांना फक्त आईनं हाक मारली की आठवतं. आम्ही जुन्या गोष्टी नव्यानं लिहून छापल्या. त्यांत हिंसा नाही, सूड नाही, कुणी रूपावरून वाईट ठरत नाही. लांडगा शेळीची माफी मागतो. चेटकिणीला एकटेपणा आलेला असतो, म्हणून ती तशी वागते. राजकन्या लग्न न करता बचत गट काढते. यात हसण्यासारखं काहीही नाही. भीतीवर वाढलेलं मूल मोठेपणी रांगेत गप्प उभं राहतं, हे आम्ही पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं.

अडचण एवढीच झाली की आमच्या गोष्टींना मुलं येईनात. आतोबा एका रविवारी सहज म्हणून आले, खुर्ची ओढून बसले, आणि पुढच्या रविवारी वाचनालयाच्या पायऱ्यांवर चपला मावेनात. मुलांचा कल चुकीचा असू शकतो, मोठ्यांचाही असतो, पण तास चालू ठेवायचा तर आतोबांना ठेवणं भाग होतं. मी ठेवलं, आणि दर रविवारी भांडत राहिले.

आमची पुस्तिका त्यांनी लाल पेन्सिलीनं तपासली होती. व्हरांड्यात मला समोर उभं करून उलटतपासणी घेतली.

"पत्रकबाई, लांडग्यानं माफी मागितली. ठीक. त्या रात्री तो जेवला काय?"

"त्यानं भाजीपाला खाल्ला असेल."

"लांडग्यानं."

"ते प्रतीक आहे, आतोबा."

"मग बरोबर आहे. प्रतीकाला भूक लागत न्हाई. म्हणून तुझी गोष्ट ऐकून पोरांना झोप लागते."

"झोप लागणं वाईट नाही. तुमची गोष्ट ऐकून पोरं अंथरुणात प्रश्न विचारत बसतात, त्यांच्या आया माझ्याकडे तक्रार करतात."

"विचारू देत की. तुझी पोरं टाळ्या वाजवतात, माझी पोरं प्रश्न विचारतात. तुला भीतीवर वाढलेली कुठली वाटतात ते तूच सांग." आणि मी बोलायच्या आत ते कोट झटकून निघून गेले. समोरच्याची पाळी आली की निघून जायची सवय त्यांना कोर्टानं लावली असावी.

ज्या गोष्टीवरून सगळं पेटलं ती बकुळाची. बकुळा नावाची मुलगी असते, तिची आई मरते, बाप दुसरी बायको करतो. ही सावत्र आई अतिशय गोड बोलते. एक दिवस ती शेंगदाण्याचा लाडू करते, त्यात गूळ घालते, वेलदोडा घालते, विष घालते, आणि बकुळाला गुरांमागे पाठवताना तो पदरात बांधून देते. रानात मुंगूस लाडवाचा तुकडा पळवतो आणि तडफडून मरतो. बकुळा उरलेला लाडू तसाच घरी आणते आणि बापासमोर म्हणते, आई, तुझ्यासाठी राखून ठेवला. बाईला तो खावा लागतो आणि ती चुलीपुढंच काळीनिळी होऊन पडते. आमच्या पुस्तिकेत हीच गोष्ट 'नवी आई' अशी आहे. तीत लाडवात जंताचं औषध असतं, मुंगसाला नुसती गुंगी येते, आणि शेवटी सगळे मिळून डॉक्टरकडे जातात. आतोबांनी त्या पानावर काहीही लिहिलं नव्हतं. नुसती पेन्सिलीची एक लांब रेघ वरपासून खालपर्यंत ओढली होती.

आतोबांनी ही गोष्ट मुलांना कितीतरी वेळा सांगितली होती, आणि मग एका रविवारी मी वाचनालय उघडून सतरंजी पसरत होते. आतोबा नेहमीप्रमाणे लवकर येऊन खुर्चीत बसले होते. दारात स्कूटर थांबली आणि एक बाई हेल्मेट हातात धरूनच आत आली. सुजाता. बोरगावची, गेल्या वर्षी लग्न होऊन आमच्या मागच्या गल्लीत आलेली. नवरा उद्यमबागेत कारखान्यात कामाला. त्याची पहिली बायको तापानं गेली, तिची मुलगी गौरी. गौरी दर रविवारी गोष्टींना यायची, दाराजवळ बसायची, कुणाशी बोलायची नाही. सुजाताशी तर ती शब्द फार जपून खर्च करायची आणि तिला कुठल्याच नावानं हाक मारायची नाही.

"ताई, ती लाडवाची गोष्ट कुणी सांगितली?" सुजातानं मला विचारलं. मी आतोबांकडे बघितलं. तीही बघायला लागली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण हेल्मेट तिनं खाली ठेवलं नाही.

"पोर माझ्या हातचं काय बी खाईना झालीया. सालीसकट असंल तेवढंच खाती. केळं खाती. शेंगा खाती. अंडं उकडून दिलं की सोताच्या हातानं फोडती नि खाती. भाकरी पुढं ठेवली की ताट सारती. शाळंचा डबा तसाच माघारी येतोय. आजची भाकरी बी न्हाई खाल्ली, ही बघा, डब्यात घालून आणलीया, तुम्हास्नी दाखवाय." तिनं पिशवीतला डबा टेबलावर ठेवला. "मालक म्हणत्यात, हे असं चालायचं न्हाय, तिला खानापूरला आजोळी ठेवूया. एकदा गेली की माघारी येती व्हय ती? आन् गाव काय म्हणंल ते बी सांगा. सावत्र आईनं घालवली म्हणंल."

सालीसकट येईल तेवढंच. एवढीशी पोर, विष कशात घालता येत नाही याचा विचार करत घरात फिरते आहे. मी आतोबांना म्हटलं, "झालं समाधान? आजच्या आज गोष्ट बदलायची. सगळ्या मुलांसमोर सांगायचं की लाडवात विष नव्हतंच."

आतोबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. त्यांचा चेहरा उतरला होता. ते सुजाताला म्हणाले, "बसा." ती बसली नाही. ती उभी असतानाच त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि मला वाटलं आता हे तिचीही उलटतपासणी घेणार, एवढीसुद्धा लाज नाही या माणसाला.

"मारता तिला?"

"न्हाय."

"रागावता?"

"एकदा बी न्हाय."

"दूध सांडलं तरी? खोटं बोलली तरी?"

"न्हाय ओ. सोन्या, बाळा, राणी, असंच बोलती मी. शेजारीपाजारी कान लावून असत्यात. एक शब्द वाकडा गेला तर उद्या नळावर तेच."

आतोबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "माझ्या गोष्टीतली बाई कशी बोलते, ठाऊक आहे तुम्हाला?"

तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. आतोबा त्या बाईचा आवाज असा काढतात की मधात बोट बुडवल्यासारखं वाटतं. ये गं माझ्या सोन्या. खा गं माझ्या राणी. बाहेर मुलांच्या चपला वाजायला लागल्या होत्या.

"म्हणूनच बदला म्हणते," मी म्हटलं. "नाहीतर हे दार आजपासून तुम्हाला बंद."

"दार तुझं आहे," आतोबा म्हणाले. "बंद कर. पण ती पोर काय समजंल याचा विचार केलास? कालपर्यंत म्हातारा विष म्हणत होता. आज हिच्याशी बोलला आणि नाही म्हणायला लागला. म्हणजे हिनं म्हाताऱ्यालाही फितवला. साक्षीदार फुटला की खटला सुटत नसतोय, पत्रकबाई, संशय वाढतोय. ती उद्यापासून केळंसुद्धा खायची न्हाई."

मी आवाज चढवला. काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते संपेपर्यंत आतोबा थांबले, मग उठले, आणि आपली खुर्ची सुजाताच्या पुढ्यात सरकवली.

"आजची गोष्ट तुम्ही सांगायची. हीच. बकुळाची."

"हे क्रूर आहे," मी म्हटलं.

"आहे."

"मला गोष्टी सांगाय येत न्हाईत ओ," सुजाता म्हणाली. "सावत्र आई हुयाला बी येत न्हाय, ते सोडा."

"ते आज शिकायचं आहे," आतोबा म्हणाले, आणि त्यांनी तिला गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, घाईघाईनं, आवाज न काढता, अशिलाला आत नेण्याआधी सांगतात तशी. मी कबूल का झाले? कारण दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता आणि मुलं दारात आली होती. एवढा एक तास, मी त्यांना म्हटलं. नंतर दार बंद.

मुलं बसली. गौरी सगळ्यांत शेवटी आली. खुर्चीत कोण बसलं आहे ते दिसल्यावर ती उंबऱ्यातच थांबली. फ्रॉकच्या खिशात शेंगा होत्या, त्यावर तिनं हात ठेवला. आतोबा कोट सावरत मुलांमध्ये सतरंजीवर जाऊन बसले होते. त्यांच्याकडे एकदा बघून ती दाराजवळ भिंतीला टेकली.

सुजाताचा आवाज पहिल्यांदा फुटेचना. एक होती बकुळा, ती म्हणाली, आणि मुलांनी सवयीनं 'हूं' म्हटलं. तिची आई देवाघरी गेली. हूं. ते 'हूं' दाराकडूनही आलं, अगदी बारीक. मग बाप, मग दुसरी बायको, मग लाडू. सुजातानं शेंगदाणे भाजले, कुटले, गूळ घातला, वेलदोडा घातला. आणि तिथं ती अडली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको, पुढं जा, असं मी तिला सांगत होते आणि ते तिला कळलं.

"आन् तूप घातलं," सुजाता म्हणाली.

'हूं' आलं नाही. एकाही मुलाकडून आलं नाही. सगळ्यांना गोष्ट पाठ होती. नियमाप्रमाणे गोष्ट थांबली होती, आणि ज्यांनी हा नियम त्या मुलांना घातला ते आतोबा छताकडे बघत बसले होते. सुजातानं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी उठणार होते. आता हे थांबवायचं, पुस्तिका काढायची, काहीतरी वाचायचं, असं ठरवून मी गुडघ्यावर हातही टेकला होता.

"आणि काय घातलं?" दाराकडून आवाज आला.

सुजातानं मान वर केली. गौरी भिंतीपासून सुटून उभी होती. मुलं आता तिच्याकडे बघत होती, तिचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

"इख," सुजाता म्हणाली.

"किती?"

"मूठभर."

"हूं," गौरी म्हणाली.

त्यानंतर त्या बाईला काय झालं ते मला सांगता येणार नाही. तिनं खुर्ची मागं सारली आणि उभी राहिली. लाडू ओढणीच्या टोकात बांधून देताना तिनं जो आवाज काढला तो आतोबांचा नव्हता. तो तिचाच होता. ये गं माझ्या सोन्या, खा गं माझ्या राणी, हे आमची सगळी गल्ली रोज संध्याकाळी तिच्या खिडकीतून ऐकत होती, तोच सूर, तीच लकब. पुढची मुलं हसली, मग एकमेकांना खेटून बसली. गौरी हसली नाही. ती एकेक पाऊल पुढं येत होती आणि प्रत्येक वाक्याला 'हूं' देत होती, मोजून घेतल्यासारखं. बोरगावकडच्या तंबाखूच्या रानात सुजातानं मुंगूस पाहिलेले असणार. तिचा मुंगूस असा तडफडला की मलाच तोंड फिरवावं लागलं. मग बकुळा घरी आली. मग बाप जेवायला बसला. मग बाईनं लाडू हातात घेतला, बकुळाकडे पाहिलं, खाल्ला, आणि सुजाता सतरंजीवर आडवी पडली. बांगड्या फरशीवर वाजल्या.

गोष्ट संपली होती, पण ती उठली नाही. डोळे मिटलेले होते आणि पापणीखालून पाणी येऊन कानाकडे चाललं होतं. मुलांना ते दिसलं नसावं. गौरी तिच्या डोक्याशी येऊन उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली. आतोबांनीही छत सोडून तिकडे पाहिलं. कोटाची एकच गुंडी ते लावत होते, काढत होते. त्यांनाही खात्री नव्हती, हे मला तेव्हा दिसलं, आणि मला त्यांचा आणखी राग आला.

"उठ की," गौरी म्हणाली. "संपली गोष्ट."

सुजाता उठून बसली. गौरी टेबलावरच्या डब्याकडे बघत होती. "भूक लागलीय," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. सुजातानं डबा उघडला. दुपारची भाकरी, वांग्याची भाजी. गौरीनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, आणि सुजाताच्या तोंडापुढं धरला.

"आधी तू."

सुजातानं खाल्लं. गौरी तिच्या तोंडाकडे बघत थांबली. मुलंही थांबली. आणि मी, विज्ञान, विवेक आणि बालहक्क यांवर भाषणं देणारी मी, त्या वांग्याच्या भाजीकडे श्वास धरून बघत होते.

"न्हाय मेले," सुजाता म्हणाली.

गौरीनं दुसरा तुकडा मोडला आणि स्वतःच्या तोंडाकडे नेला, तेवढ्यात सुजातानं तिचं मनगट पकडलं. "हात बघ तुझं. कसल्या घाणेरड्या हातानं खायलीस. धुवून ये आधी, जा." गल्लीत कुणी ऐकलं असतं तर नळावर आठवडाभर पुरलं असतं. गौरीनं भाकरी डब्यात ठेवली, मागच्या नळावर गेली, हात धुऊन आली, आणि जेवायला बसली.

एका रविवारानं सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. पहिला घास आधी सुजातानं खायचा, ही अट गौरीनं पुढं बरेच दिवस चालवली. दोघींची भांडणं आता चार घरांपलीकडे ऐकू येतात. पण खानापूरचा विषय पुन्हा निघाला नाही. माझं म्हणणं मात्र तसूभरही बदललेलं नाही. सगळ्याच सावत्र आयांना जमिनीवर पडून मरता येत नाही, आणि सगळ्याच घाबरलेल्या पोरींना 'आणि काय घातलं' असं विचारायची हिंमत होत नाही. अशा मुलांसाठी आमची जंताच्या औषधाची गोष्ट वाचनालयाच्या कपाटात आहे आणि राहील. त्या रविवारी मी आतोबांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "ठेव की. अपील करायचा हक्क सगळ्यांना आहे."

दार मी बंद केलं नाही. करायची वेळच आली नाही. पुढच्या रविवारी मुलांनी सुजाताला बोलावून आणलं, त्याच्या पुढच्याही. तिला आणखी गोष्टी लागल्या, त्या आतोबांनी व्हरांड्यात बसून तिला शिकवल्या, एकेक करून, होत्या तेवढ्या सगळ्या. ती त्यांच्याहून भयंकर सांगते. तिची चेटकीण निपाणीच्या बाजारात भाव करते, तिचा राक्षस भाकरीला माणूस लावून खातो, आणि पोरं एकमेकांच्या अंगावर चढून ऐकतात. आतोबा अजून शहापुराहून बसनं येतात, लवकर येतात, सतरंजी पसरायला मला मदत करतात आणि मागं भिंतीला टेकून बसतात. उकाडा असला की कोट घडी करून मांडीवर ठेवतात. खुर्चीकडे कुणी त्यांना बोलावत नाही. वाद घालायचा म्हणून मी मुद्दाम काहीबाही काढते, तर तेही हल्ली अर्ध्यावर सोडून देतात.

परवा तास संपल्यावर त्यांच्या बसची वाट बघत आम्ही दोघं बसथांब्यावर उभे होतो. सुजाता आणि गौरी स्कूटरवरून पुढं गेल्या, कशावरून तरी वाद घालत. आतोबा त्या वळेपर्यंत बघत राहिले. "आज चेटकीण जरा लवकर मेली," ते म्हणाले. "तिला सांग, सावकाश मर म्हणावं. पोरांना बघू दे." मी सांगीन म्हटलं. ते हातातल्या घडी केलेल्या कोटाची बाही सरळ करत राहिले. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "आतोबा, एक गोष्ट सांगा."

"कुणाला?"

"मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. यात काही डाव आहे का, ते तपासलं. "तुझ्या पद्धतीची, की माझ्या?"

"तुमच्या."

"घाबरशील."

"बघू."

त्यांनी कोट अंगात चढवला, एकेक गुंडी लावली, घसा साफ केला. लांबून शहराची बस येताना दिसली, जवळ आली, आमच्यासमोर जरा हळू झाली. आम्ही दोघांनीही हात केला नाही.